महिला प्रतिनिधीमार्फत पाहिले

“ए, पाणी नको ना पाजूस. अजून दोन लेक्चरं नि प्रॅक्टिकल आहे माझं. मग मी काय करू, सांग?”

“घोटभर घे गं. घसा बघ कसा बसलाय तुझा.”

“घोटभराचंच तांब्याभर होतं नंतर. आणि आता समोरच्या म्हातारीचं घरसुद्धा नाही जायला.”

कचेरीच्या खिडकीच्या गजांना टेकून, बोनाफाईडसाठी उभ्या असलेल्या दोन मुली आपापसात कुरकुरत होत्या. गजांच्या आत हातभर अंतरावर विनिता टाईप करत बसली होती. इतक्या जवळ बसलेल्या कारकुनाला कान नसतात असं पोरं धरूनच चालतात. तिनं मान वर केली तशा दोघी गप्प झाल्या आणि एकीनं पाण्याची बाटली चोरीची असावी तशी पिशवीत कोंबली. विनितानं बोनाफाईडवर शिक्का मारला, तो जरा जोरातच बसला. “थँक्यू मॅडम,” म्हणून मुली गेल्या. घसा बसलेल्या मुलीचे ओठ तेवढे तिला जाताजाता दिसले. पापुद्रे सुटलेले, कोरडे, आणि अजून तर फेब्रुवारी संपायचा होता.

समोर कॉम्प्युटरवर तिचं अर्धं वाक्य उभं होतं. ‘विद्यार्थिनी कक्षालगतचे प्रसाधनगृह महिला प्रतिनिधीमार्फत पाहिले. काम समाधानकारक’ इथवर. ‘आढळले’ टाईप करायचं राहिलं होतं. पाहणी उद्या होती आणि पाहणीचा अहवाल आज तयार होत होता, यात कचेरीत कुणाला काही नवल नव्हतं. कॉलेज सरकारी. सरकारनं बांधकामाला पैसे दिले की ते कुठं लागले हे पाहायला सरकारच माणसं पाठवणार, असा नियम. नियम चांगला होता. येणारी माणसंही तशी वाईट नसत. पण ती येणार दोन तासांसाठी, त्यातला एक तास जेवणात जाणार, मग बिचाऱ्यांनी लिहायचं कधी? म्हणून अहवाल कॉलेजनंच करून ठेवायचा आणि साहेबांनी सही करायची. मुलगी पाहायला येणाऱ्यांच्या पसंतीचं पत्र मुलीच्या बापानंच आदल्या दिवशी लिहून ठेवावं, तसलं हे काम. आणि ते पत्र अकरा वर्षं विनिता लिहीत आली होती. उद्याचा दिवस ती आज भूतकाळात टाईप करायची, आणि उद्या उगवला की तो निमूट तसाच वागायचा.

या वेळच्या अहवालाखाली एक ओळ जास्तीची होती. ‘सबब काम पूर्ण झाल्याचा दाखला देण्यास हरकत नाही.’ त्र्याण्णव सालापासून या ना त्या शंकेपायी उघडी राहिलेली फाइल उद्या बंद व्हायची होती. प्राचार्य सकाळपासून दोनदा येऊन गेले होते. “विनिताबाई, एवढं एकदा झालं की सुटलो. मग त्या विद्यार्थिनी कक्षाचं तोंड पाहायला नको.” ते सुटणार होते हे खरंच. पण एकदा पूर्ण झालेल्या कामाला सरकार पुन्हा पैसे देत नाही. जे झालेलंच आहे ते परत कोण बांधणार? हे विनिताला ठाऊक होतं, कारण असली उत्तरं दुसऱ्या कामांसाठी तिनंच फाइलीला लावली होती. उद्या सही झाली की त्या दाराच्या आत जे नव्हतं ते कायमचं झालेलं ठरणार होतं.

आत काय नव्हतं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एकतीस वर्षांची होती, आणि रोजंदारीवर होती. विलासची अंधेरीची कंपनी टाळेबंदीत, तुळिंजला नुकतीच घेतलेली जागा, भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास, आणि त्या वासात रात्रंदिवस बसलेला नवरा. कॉलेजही नवंच होतं. फुलपाड्याच्या पुढं शेतं संपता संपता उठलेल्या दोन इमारती, गुडघाभर गवत, आणि मागे जीवदानीचा डोंगर. पहिली कमिटी आली ती मार्चमध्ये. चार पुरुष, एक टेप आणि एक जाड वही. त्यांनी प्रयोगशाळेच्या भिंती ठोकून पाहिल्या, गिलाव्यात नख खुपसून पाहिलं, खिडक्यांचे गज मोजले. एक साहेब तर पँटीची पर्वा न करता गुडघ्यावर बसले आणि त्यांनी जोत्याची उंची घेतली. सरबताचा ट्रे धरून मागे मागे फिरणाऱ्या विनिताला केवढं कौतुक वाटलं होतं तेव्हा, की सरकार इतकं बारीक बघतं! आणि मग मंडळी वळणावरच्या त्या दाराशी आली. गुळगुळीत रंगवलेलं दार, बाजूच्या भिंतीला कंबरेइतक्या पांढऱ्या फरश्या, वर निळ्या अक्षरांत ‘महिला’. देवळापाशी येऊन चपलांची आठवण व्हावी तसे सगळे थबकले. एकानं चष्मा काढून पुसायला घेतला. दुसरे एकदम डोंगराकडे बघू लागले. टेप आपोआप गुंडाळला गेला.

“इथं आपण कसं...”

“छे छे, बरं दिसत नाही ते.”

“लेडीज स्टाफ असेल ना कुणी?”

तेव्हाच्या प्राचार्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि त्यांना ट्रे दिसला. “या आहेत की. जरा बघून या, बाई.”

दाराला बाहेरून कुलूप होतं. शिपाई काळूरामनं ते काढलं. बाहेरून कुलूप घातलेल्या, कुणीही नसलेल्या खोलीत नेमकी कुणाची लाज राखायची होती, हा प्रश्न तिला तेव्हाही पडला होता. पण ट्रे कुणाच्या हातात द्यायचा ही त्या क्षणी जास्त मोठी अडचण होती. ती आत गेली. आत माती होती. वर पत्रे, पत्र्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या, आणि उजव्या भिंतीशी फक्कीनं आखलेल्या चार चौकटी, प्रत्येकीच्या मधोमध एक गोल. लहान मुलींनी ठिकरी खेळायला आखून ठेवावं, तसं. भांडं नाही, नळ नाही, आडोसा नाही. बाहेरच्या फरश्या भिंतीच्या कडेला येऊन अशा थांबल्या होत्या की जणू त्यांनाही कुणीतरी आत यायला बंदी केली होती. कंत्राटदाराला पक्कं ठाऊक होतं की साहेबांची नजर कुठवर पोचते. त्याच्या हुशारीपेक्षाही सरकारी सभ्यपणावरचा त्याचा विश्वास जबर होता. विनिता त्या चौकटींशी थोडा वेळ उभी राहिली, कारण लगेच बाहेर पडणं बरं दिसलं नसतं. आखणी झालीय म्हणजे होणारच की, असं तिनं स्वतःला सांगितलं. आजच्या तारखेला नाही, पण महिन्याभरात होईल, तेव्हा आत्ता हो म्हटलं तर ते खोटं कसं? बाहेर आली तेव्हा प्राचार्य तिच्याकडे पाहत होते. धमकी नव्हती त्यांच्या डोळ्यांत. असती तर कदाचित बरं झालं असतं. नुसती विनंती होती, आणि आठ दिवसांपूर्वी तिला नोकरीत कायम करण्याबद्दल ते म्हणाले होते ते, “बघू, कमिटी होऊन जाऊ दे.” तिनं मान हलवली. हनुवटी फक्त एकदा खाली गेली आणि वर आली. चष्मा पुसणाऱ्यांनी चष्मा घातला. डोंगर बघणारे परत आले. संध्याकाळी तिनंच अहवाल टाईप केला आणि ‘महिला प्रतिनिधी’ या शब्दांखाली सही केली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी प्रतिनिधी म्हणून.

सत्त्याण्णवला ती गेली तेव्हा फक्की पुसून तिथं गवत आलं होतं. दोन हजार साली तुटकी बाकं होती आणि गंजलेले पत्र्याचे डबे. दर वेळी साहेब नवे, प्राचार्य नवे, डोंगर तोच. आणि दर वेळी मान जरा जास्त सहज हलायची. खोटं बोलण्याचंही घट्टे पडण्यासारखं असतं, पहिल्या दिवशी हुळहुळतं, मग त्या जागी काही लागतच नाही.

“झालं का लिहून उद्याचं?” सालोमी मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, गिरीजहून स्कूटरवर यायच्या, आणि तोंडानं फटकळ होत्या. “मला पण सांग, मी उद्या कुठली साडी नेसले होते ते.”

“तुमचं काय, तुमची प्रयोगशाळा खरी आहे.”

“हो, आणि आपलं बाथरूमपण.” सालोमी हसल्या. मग हसू तसंच ठेवून दाराबाहेर बघत राहिल्या.

आपलं बाथरूम म्हणजे प्राचार्यांच्या खोलीला लागून असलेलं. कॉलेजातल्या तिन्ही बायकांना तिथं जायची परवानगी होती. प्राचार्य कुणाशी बोलत असले तर टेबलासमोरून जायचं, मान खाली घालून, आणि येताना पुन्हा. सुरुवातीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग त्याचीही सवय झाली. सालोमी म्हणायच्या, “आपण तिघी या संस्थेच्या भागधारक.” विनिता त्यावर दर वेळी हसायची. आज तिला आठवून लाज वाटली की अकरा वर्षांत तिला कधी सोसावं लागलं नव्हतं. तिची सोय होती. ‘सोय’ हाच शब्द होता सगळ्यांचा. सभेत कुणी विषय काढलाच तर ‘मुलींची सोय’, कागदावर ‘प्रसाधनगृह’, प्राचार्य म्हणायचे ‘ते’. “बाई, त्याचं काय झालं?” “त्याचं होतंय, सर.” शहाणी, शिकलेली, चार बुकं पढवणारी माणसं, पण या एका जागेपाशी सगळ्यांच्या जिभेला लकवा. आणि त्या लकव्याच्या आडून कुणीतरी आख्खी खोली उचलून नेली होती.

मुली जायच्या धोंडूबाईकडे. कॉलेजच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे तिचं कौलारू घर, मागे परसू, परसात विहीर आणि विहिरीपलीकडे सिमेंटचा संडास. कॉलेजची निम्मी जमीन तिच्याच सासऱ्याची, भाताची खाचरं होती. मुली दोघी-दोघींनी जायच्या, एक आत आणि एक बाहेर. धोंडूबाई ओटीवर सुकवायला घातलेले वाल राखत बसलेली असायची. “या गो या. बालदी भरून ठेवा जाताना. पानी काय माजा बाप आनून देते?” शिव्या द्यायची, पण दाराला कडी कधी घातली नाही. परीक्षेच्या दिवसांत तर परसात रांग लागायची. पाहणीच्या दिवशी तेवढं मुलींना बाहेर सोडू नये, असं काळूरामला सांगितलेलं असे. साहेबांना दिसायला नको.

दिवाळीच्या सुट्टीत ते घर पाडलं. धोंडूबाईच्या मुलांनी जागा बिल्डरला दिली होती, त्याबद्दल कुणी काय बोलावं, विरार सगळंच तसं वर चाललं होतं. विनिता सुट्टीतही कामाला आली होती तेव्हा म्हातारी रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून आपल्याच घराची कौलं उतरताना बघत होती. विनिता उगाच जाऊन उभी राहिली.

“आता कुठं राहणार, आजी?”

“ते बग, चवथ्या माल्यावर. लिप्ट हाये म्हनतात.” तिनं नुसतीच हनुवटी उडवली. मग डोळे बारीक करून विनिताकडे पाहिलं. “माजं सोड गो. त्या पोरी जातील कुटं?”

“होणार आहे, आजी. कॉलेजातच होणार आहे आता.”

“कवा?”

विनिता उतरणाऱ्या कौलांकडे बघू लागली.

“बारा वर्सं बगते मी. दर साली येवड्या पोरी येतात. तुमच्या त्या कालेजात कोनाच्या घरी आय-भैन नाय का गो?”

हा प्रश्न प्राचार्यांना होता, सरकारला होता, कंत्राटदाराला होता. पण ऐकायला त्या वेळी विनिताच उभी होती. कौलं उतरत होती, मातीचा लाल धुरळा दोघींच्या अंगावर बसत होता. म्हातारीला कुणी सांगितलं नव्हतं की आय-भैन आहे, तीच आत जाऊन येते, आणि तीच मान हलवते. त्या दिवशी विनिता घरी जाऊन दोनदा नाहली.

“कमिटीत या वेळी एक बाई येतेय म्हणे,” सालोमी म्हणाल्या. “ज्युनिअर इंजिनिअर. तरुण मुलगी आहे, नोकरीला आठच महिने झालेत. म्हणजे तुला आत जायला नको. सुटलीस.”

“खरंच?”

“यादीत नाव आहे. ज्ञानदा कोणीतरी.”

विनिताच्या छातीवरून काहीतरी उतरलं. इतकं हलकं वाटलं की तिनं तेवढ्यात ‘आढळले’ टाईप करून टाकलं. आणि टाईप केल्यावर तिला स्वतःचा संताप आला. म्हणजे मला काय नको होतं? खोटं नको होतं, की फक्त त्या खोटं बोलायच्या जागी मी उभी नको होते? दुसऱ्या कुणा बाईनं ते उचललं की माझं काम झालं? तिनं सालोमींकडे पाहिलं. त्या खाली बघून नखाला लागलेला आयोडीनचा डाग खरवडत होत्या. तिघी भागधारकांपैकी कुणीही एकमेकींना कधी विचारलं नव्हतं की तू का नाही बोललीस.

घरी मेथी निवडता निवडता तिनं विलासला सांगितलं. तो आता एका सोसायटीचे हिशेब लिहायचा, आणि जगात कशानंही त्याला धक्का बसत नसे.

“मग आता ती मुलगीच सांगेल ना त्यांना,” तो म्हणाला.

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर नाही. तू मध्ये पडू नकोस. तीन कागदांवर सह्या आहेत तुझ्या. पैसे खाणारे कधीच मोकळे झाले, पण सही कुणाची सापडेल? तुझी. चौकशी लागली की आधी तू घरी. सोळा वर्षं राहिलीत तुझी, पेन्शन आहे.” मग जरा थांबून, “देठं कोवळी आहेत, टाकू नकोस सगळी.”

तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. याचाच तिला राग येत होता. या सगळ्यात चुकीचं कुणी काही करतच नव्हतं. साहेब सभ्य होते, प्राचार्य नियमानं चालत होते, नवरा संसाराचं बघत होता, तीही वरिष्ठांचं ऐकत होती, आणि या सगळ्या बरोबर वागणाऱ्या माणसांच्या मधोमध शेकडो पोरी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत तहानेनं ओठ चाटत बसत होत्या. मागच्या वर्षी बी.कॉम.ची एक मुलगी वर्गातच पोट धरून कळवळली होती. मूत्रमार्गाला सूज, डॉक्टर म्हणाले. प्राचार्यांनी नोटीस लावली, ‘विद्यार्थिनींनी घरून पौष्टिक डबा आणावा’. ती नोटीसही विनितानंच टाईप केली होती, आणि तिच्यातलं शुद्धलेखनही तपासलं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला कमिटी आली. उपसंचालक साहेब, त्यांच्याबरोबर दोन अधिकारी, आणि मागे ती मुलगी. पंचविशीची असेल. साधा पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट, हातात स्वतःची वही. शाल-श्रीफळ झालं, वाळवलेल्या केळ्यांची, सुकेळ्यांची पुडकी गाडीत गेली, आणि फेरी निघाली. विनिता अहवालाची फाइल छातीशी धरून मागे चालत होती आणि तिची नजर मुलीवरून हलत नव्हती. ज्ञानदा भिंती ठोकत होती. प्रयोगशाळेत ओट्याखाली वाकून तिनं पाईप पाहिला. लोखंडी शिडीनं ती गच्चीवर चढली तेव्हा उपसंचालक खालून हसत म्हणाले, “अहो, जपून! नवीन रक्त आहे, काय?” ती वरून ओरडली, “सर, इथं उतार उलटा दिलाय, पाणी साठणार.” विनिताला त्र्याण्णव सालचं ते गुडघ्यावर बसलेलं सरकार आठवलं, आणि आपल्याला भीती वाटतेय की आनंद होतोय हे तिला धड कळेना. ही बघणार. हिला दिसणार. ही बोलली की आपलं संपलं, सोळा वर्षं संपली, विलास म्हणाला तसं सगळं. आणि तरीही पावलागणिक तिच्या मनात एकच होत होतं, बोल गं बाई, तू बोल, तुझी अजून एकही सही नाही.

वळण आलं. फरश्या काळूरामनं सकाळीच ओल्या फडक्यानं पुसल्या होत्या, त्या चकाकत होत्या. साहेब लोक थबकले.

“मी बघते, सर,” ज्ञानदा म्हणाली. कुणी सांगायच्या आधीच.

“हां हां, तुम्ही बघा,” उपसंचालक म्हणाले, आणि पाठ वळवून डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. दोन्ही अधिकारीही वळले. प्राचार्यही. काळूरामनं कुलूप काढलं आणि तोही, मेला, वळला. पाच पुरुषांच्या पाठी. विनितानं आयुष्यात त्या पाठी इतक्या नीट कधी पाहिल्या नव्हत्या. इस्त्रीचे शर्ट, घामाचे डाग, मागे गुंफलेले हात. केवढी अदब होती त्या उभं राहण्यात! एवढी अदब बाईमाणसाच्या वाट्याला एरवी कुठं येते? बाजारात नाही, रस्त्यात नाही, घरातही नाही. ती नेमकी इथं, या दाराशी, रिकाम्या खोलीपुढं.

आत बूट वाजले, थांबले. पत्र्याचा डबा लवंडल्याचा आवाज आला. कुणीही मागे वळून पाहिलं नाही.

ज्ञानदा बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना जळमट लागलं होतं. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसा तिचा चेहरा झाला होता.

“काय, ठीक?” उपसंचालकांनी पाठमोरंच विचारलं.

ती त्यांच्याकडे बघत राहिली, त्यांच्या पाठीकडे. मग प्राचार्यांच्या. ते हळूहळू वळत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तीच जुनी, प्राचार्यागणिक वारशानं आलेली विनंती होती. मग तिची नजर विनितावर येऊन थांबली. तिथं दुसरी बाई तीच एक होती. ती नजर विचारत होती, साधं सरळ विचारत होती, की हे काय आहे, मी काय करू, तुम्ही इतकी वर्षं इथं आहात. आणि विनितानं फाइलीच्या दोरीची गाठ बघायला खाली मान घातली. घट्टच होती गाठ. वर पाहिलं तोवर झालेलं होतं. मुलीची हनुवटी खाली जाऊन वर येत होती. “ठीक आहे, सर.” अगदी तीच हालचाल. कुणी शिकवली नव्हती तिला. शिकवली नाही तरी, कुणी दाखवली होती?

मग सगळे प्राचार्यांच्या खोलीत बसले. चहा आला. विनिता शिक्के आणि शाईची उशी घेऊन टेबलाशी उभी राहिली. उपसंचालकांनी अहवाल चाळला. “छान केलाय. इथं महिला प्रतिनिधी म्हणून आता आमच्या ज्ञानदाबाईंची सही घेऊ. बरं झालं बाई, सरकारात बायका आल्या ते. आम्हाला उगाच इकडंतिकडं तोंड करून उभं राहायला नको.” सगळे हसले. त्यांनी कागद मुलीपुढं सरकवला.

ज्ञानदानं पेन उघडलं. मग विनिताकडे न बघताच, ओठ जेमतेम हलवत विचारलं, “तुम्ही कुठं जाता?”

“इथं. सरांच्या.” विनितानं त्या दाराकडे नजर केली.

“आणि मुली?”

“काय कुजबुज चाललीय बायकांची?” उपसंचालक म्हणाले.

“काही नाही, सर,” ज्ञानदा म्हणाली. ‘नोकरीला आठच महिने झालेत माझ्या,’ हे ती कुणालाच बोलली नाही, पण ते विनिताला तिच्या बोटांत दिसलं. पेनाचं टोक कागदाला टेकलं. त्यातून ‘ज्ञा’ उमटायला लागला, शाळेत शिकवलेल्या वळणदार अक्षरात, घरी कुणीतरी घासून घेतलेल्या. विनिताला एकदम राग आला. कंत्राटदाराचा राग नव्हता तो, त्याचं तोंडही तिला आठवत नव्हतं. त्या पाच पाठींचा राग होता, पुसलेल्या चष्म्यांचा होता, ‘सोय’ या शब्दाचा होता. आणि सगळ्यांत जास्त त्या गाठीकडे बघणाऱ्या बाईचा होता, जिच्यामुळं ही पोर आता पुढची सोळा-वीस-तीस वर्षं कुठल्या कुठल्या दारांतून बाहेर येऊन मान हलवत राहणार होती, आणि एक दिवस तिलाही त्या जागी काही लागणार नव्हतं. तिनं शिक्का खाली ठेवला आणि कागदावर पंजा पसरला. मुलीचं पेन तिच्या बोटांना लागून थांबलं.

“नको गं सही करूस, बाळ.”

“विनिताबाई?” प्राचार्य म्हणाले.

“साहेब, त्या दाराच्या आत काही नाही.”

“काही नाही म्हणजे?” उपसंचालकांनी कप खाली ठेवला. “अपुरं आहे का? काही फिटिंग वगैरे राहिलंय?”

“अपुरं नाही. नाहीच. चार भिंती आहेत आणि माती आहे. संडास नाही, मुतारी नाही, नळ नाही. कधीच नव्हता.”

“अहो बाई!” प्राचार्य अर्धवट उठले. त्यांचे कान लाल झाले होते. “साहेबांसमोर काय भाषा ही? तुम्हाला बरं वाटत नसेल तर बाहेर जा, आपण नंतर बोलू. सोयीचा मुद्दा मी स्वतः सरांना...”

विनितानं हात उचलला नाही.

“सोय नव्हे, सर. या कॉलेजात साडेसहाशे मुली आहेत आणि त्यांना मुतायला जागा नाही. ती बांधलीच नाही कुणी. आणि आत जाऊन, डोळ्यांनी बघून, बाहेर येऊन, आहे म्हणून सरकारला तीनदा लिहून देणारी बाई मी आहे.”